शिप सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलट हवा का?

वास्कोकर: मुरगाव ते मुंबई रियल टाइममध्ये खेळतोय, तासन् तास की दाबून हेडिंग (जहाजाच्या नाकाची दिशा) धरायचं म्हणजे बोटं दुखतात रे, ऑटोपायलट द्यायलाच हवा ना?

बार्जवाला: हवाच. खऱ्या जहाजावर पण असतो, जायरोकंपासवरून (दिशा दाखवणाऱ्या यंत्रावरून) हेडिंग घेऊन सुकाणू तोच हलवतो. पण समोर ट्रॉलर (मासेमारी बोट) आला तर तो काही वळत नाही, लुकआउट, म्हणजे आजूबाजूला नजर, माणसानेच ठेवायचा. सोलासच्या (समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) चॅप्टर ५ मध्ये नियमच आहे, गर्दीत किंवा धुक्यात लगेच हाताने सुकाणू घेता आलं पाहिजे, गेममध्ये पण तसंच ठेवा.

मांडवीकाठ: माझे बाबा गोव्याच्या मांडवी नदीत बार्ज (मालवाहू बोट) चालवायचे, पावसाळ्यात आग्वादजवळ नदीच्या तोंडाशी रेतीचा बांध तयार होतो तिथे ऑटोपायलट काय करणार? समुद्रात द्या, नदीत बंदच ठेवा.

वास्कोकर: पटलं. आणि वाऱ्याने हेडिंग तेच राहून जहाज बाजूला सरकतं, तेही दाखवायला हवं.