सुटून आलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो? (नागपूर)

लेथवाला_हिंगणा:
हिंगणा एमआयडीसीत माझा लेथकामाचा लहानसा कारखाना आहे. मला धरून नऊ माणसे. दोन वर्षांपूर्वी, चोरीच्या प्रकरणात आठ महिने मध्यवर्ती कारागृहात काढून जामिनावर सुटलेल्या एका मुलाला मी ओळखीतून कामावर घेतले. मुलगा हुशार होता, महिनाभरात व्हर्नियर लावून माप घेऊ लागला, आणि त्याच्या पाच महिन्यांच्या काळात माझ्या कारखान्यातून एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. तरीही एके दिवशी तो आला नाही, आणि दोन दिवसांनी कळले की मोटारसायकल चोरीत त्याला पुन्हा उचलले आहे.

आता तीन वर्षांची शिक्षा भोगून आलेला दुसरा एक तरुण काम मागतो आहे. माझे भागीदार म्हणतात की एकदा हात पोळला, आता पुरे. मला मात्र आधी हे समजून घ्यायचे आहे, की काम मिळूनही पहिला मुलगा परत का गेला, आणि दुसऱ्याच्या बाबतीत मला वेगळे काय करता येईल. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त_कारागृह_कर्मचारी:
विदर्भातील कारागृहांत माझी सत्तावीस वर्षे गेली. आपल्या प्रश्नातला "काम मिळूनही" हा शब्दप्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण काम मिळाले की माणूस सुधारला असे आपण गृहीत धरतो, आणि काम हा तर सुटकेनंतरच्या अडचणींतला एकच भाग असतो.

वर्धा रोडवरच्या आमच्या फाटकाबाहेर सुटकेच्या वेळी कोण उभे आहे, हे मी सवयीने पाहत असे. आई किंवा बायको उभी असेल तर तो माणूस सहसा पुन्हा दिसत नसे. कोणीच नसेल, किंवा दोन मित्र मोटारसायकल सुरू ठेवून थांबलेले असतील, तर मात्र मनात शंका येई आणि ती बऱ्याचदा खरी ठरे. जामिनाचा आदेश येऊन कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत अनेकदा संध्याकाळ होते. खिशात जेमतेम पैसे, मोबाइल बंद पडलेला, भाड्याची खोली गेलेली. अशा वेळी रात्रीच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय करणारा जो भेटेल, त्याचे उपकार पुढे फेडावे लागतात. हे मित्र बहुधा बराकीतच झालेले असतात. देशातील कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी आहेत. पहिल्यांदाच आत आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा सराईतांच्या शेजारी महिनोन्महिने बसून राहतो, आणि कच्च्या कैद्याला शिक्षा झालेल्या बंद्यासारखे सक्तीचे कामही नसते. तेवढ्या वेळात तो काय शिकतो, हे सांगायला नको.

उलट अनुभवही सांगतो. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेले, मोर्शीच्या खुल्या कारागृहात शेतावर राबलेले बंदी सुटल्यावर फार क्वचित परत आले. कमी शिक्षेचे भुरटे चोर मात्र वर्षात दोनदा येत. वय वाढल्याचा भाग त्यात निश्चितच आहे, कारण तिशी ओलांडल्यावर बहुतेकांची ती रग आपोआप ओसरते. पण उंच भिंतीवाचून विश्वासावर राहण्याची सवय बाहेर पडण्याआधीच लागलेली असते, हेही खरे. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे 1939 साली अशी वसाहत वसवली, जिथे बंदी कुटुंबासह राहून शेती करत आले आहेत.

परदेशांची आकडेवारी वाचताना एक सावधगिरी बाळगावी. नॉर्वेत दोन वर्षांत सुमारे 20 टक्के लोक पुन्हा दोषी ठरतात, तर अमेरिकेत 2005 साली 30 राज्यांतून सुटलेल्यांपैकी सुमारे 68 टक्के लोकांना तीन वर्षांत पुन्हा अटक झाली, असे शेजारी शेजारी मांडले जाते. एकात दोषसिद्धी मोजली आहे, दुसऱ्यात अटक; मुदतही वेगळी. फरक मोठा आहे यात वाद नाही, पण तो या दोन आकड्यांत दिसतो तेवढाच असेल असे नाही.

वकील_सिव्हिल_लाइन्स:
अटक आणि गुन्हा यांतला हाच फरक आपल्या नागपुरातही लक्षात घ्यावा लागेल. परिसरात गाडी चोरीला गेली की पोलीस आधी रेकॉर्डवरच्या मुलांना बोलावतात. गणपती, मारबत किंवा निवडणूक जवळ आली की त्यांच्यावर प्रतिबंधक कारवाई, म्हणजे बोलीभाषेत "चॅप्टर", होते. शिवाय मुलगा कामाला लागला आणि खाडा पडेल म्हणून तारखेला गेला नाही, तर वॉरंट निघते; मग नवा कोणताही गुन्हा न करता तो पुन्हा आत जातो. आपल्या पहिल्या मुलाने मोटारसायकल चोरली नसेल असे मी म्हणत नाही, परंतु आरोपपत्र पाहिल्याशिवाय चोरलीच असेल असेही आपण धरू नये.

संशयाचा हा वारसा जुना आहे. 1871 च्या कायद्याने पारध्यांसह अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, आजही चोरीनंतर पोलिसांची पहिली गाडी जाते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये कारागृहांतील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना विमुक्त, म्हणजे त्या कायद्याच्या यादीतून सुटलेल्या, जमातींना सराईत मानण्याच्या या प्रवृत्तीवर कठोर ताशेरे ओढले आहेत.

प्रतिबंधाची सुरुवात सुटकेनंतर न होता पहिल्या शिक्षेच्या वेळीच व्हायला हवी, असे माझे मत आहे. 1958 च्या परिवीक्षा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याच्या) कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील आरोपीला, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, कारणे नोंदवल्याशिवाय कारावास देता येत नाही, आणि परिवीक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही लागत नाही. हा कायदा वापरावा असा अर्ज आम्ही वकीलच पुष्कळदा करत नाही, हे कबूल करतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीसाठी, मुद्देमाल किंवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की, काही अपवाद वगळता, त्याला सोडायचे असते.

आपल्यापुरते सांगायचे, तर शिक्षा भोगून आलेल्याला खासगी कारखान्यात घेण्यास साधारणपणे कायद्याची आडकाठी नाही. त्याची दुसरी प्रकरणे चालू असतील तर तारखांची यादी मागून घ्या आणि त्या दिवशी विनाकटकट सुटी द्या.

सक्करदरा_दुकानदार:
सर्वांचे म्हणणे वाचले. माझे दुकान दोनदा फुटले आहे आणि दुसऱ्या वेळी पकडलेला इसम पहिल्याच चोरीत जामिनावर होता. माझे गेलेले सामान परत मिळाले नाही, त्याच्या पुनर्वसनाची मात्र चर्चा होते. काही लोकांचा हा धंदाच असतो, हे आपण कधी मान्य करणार?

निवृत्त_कारागृह_कर्मचारी:
मान्य आहे. टोळीत कमाई करणारे असतात, आणि एमडी या अमली पदार्थाच्या व्यसनासाठी चोरी करणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला व्यसनावर उपचार न करता नोकरी देणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. म्हणूनच सगळ्यांना एकच उपाय लागू होत नाही. आपली नुकसानभरपाई हा स्वतंत्र आणि रास्त प्रश्न आहे.

कळमना_पिकअप:
मी स्वतः दोनदा आत होतो. येथे फार लिहीत नाही, पण आज लिहितो. पहिल्या सुटकेनंतर मीही काम करत होतो. जामीन आणि वकिलासाठी घरच्यांनी साठ हजारांचे कर्ज काढले होते, ज्याचे पैसे होते तोच मला "एकच काम कर, हिशेब मिटवतो" असे म्हणाला, आणि मी गेलो. दुसऱ्यांदा सुटलो तेव्हा बाजारातल्या एका मुकादमाने ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले आणि माझ्या हमालीतून दर आठवड्याला थोडे थोडे कापले. त्याने मला कधीही उपदेश केला नाही. लेथवाला साहेब, त्या तरुणाला पगार किती हवा हे विचारण्याआधी देणे किती आहे ते विचारा.

निवृत्त_कारागृह_कर्मचारी:
हे नेमके लिहिले. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 2022 साली येरवड्यातून बंद्यांसाठी सात टक्के व्याजाने पन्नास हजारांपर्यंत कर्ज देणारी "जिव्हाळा" योजना सुरू केली, ती याच कारणाने. सावकार आणि मित्र हे एकच असतील, तर सुटका नावापुरती राहते.

लेथवाला_हिंगणा:
सर्वांचे आभार. पहिल्या मुलाचे देणे किती होते, हे मी पाच महिन्यांत एकदाही विचारले नव्हते. वकील साहेबांच्या सांगण्यावरून त्याच्या आरोपपत्राची चौकशी करतो आहे.

दुसऱ्या तरुणाशी काल बोललो. देणे चाळीस हजार आहे आणि आणखी एका प्रकरणात दरमहा एक तारीख असते. भागीदारांनी तीन महिने पाहू असे म्हटले आहे. मजुरी आठवड्याला द्यायची ठरली. सोमवारी आधार कार्ड आणि पासबुक घेऊन ये म्हटले, तर खातेच नाही म्हणाला. तेव्हा सोमवारी आधी त्याला घेऊन बँकेत जाईन.