आत्मविश्वास मागाहून येतो

चाळिशीत पेटी शिकायला निघालेल्या एका ताईंनी सल्ला विचारलाय, आणि बहुतेकांनी त्यांना ‘आत्मविश्वास ठेवा’ असं सांगितलंय. मला वाटतं, आधी लागतो तो आपल्याला कामाला लावणारा माणूस.

शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांचंच बघा. गोव्यातल्या कुर्डी गावात १९०४ साली जन्म, लहानपण नाटक कंपनीत. सांगलीत रियाझ करताना त्यांचा आवाज थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि शिकवायची तयारी खाँसाहेबांनीच दाखवली. असा योग सगळ्यांच्या नशिबी कुठला म्हणा! पण लहान प्रमाणात हे गावोगावी चालूच असतं. आमच्या फोंड्याकडे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट आरतीत मला कोणी लगेच घुमट, म्हणजे मडक्याला चामडं लावलेलं वाद्य, दिलं नाही. आधी कासाळं (मोठ्या झांजा), ठेका अंगात मुरल्यावर शमेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य), मग घुमट. निवृत्तीला आलेला माणूस पोरांच्या रांगेत बसलेला, लाज वाटायचीच. शिकवणारे काका हात चुकला तरी आरती थांबवत नसत, नजरेनंच ‘चालू दे’ म्हणायचे आणि नंतर बाजूला घेऊन चूक दाखवायचे. (तोंडभर कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, चूक नेमकी कुठे ते सांगणारे कमी.)

तेव्हा ताई, शिक्षक निवडताना एवढं विचारा: थोडं येऊ लागलं की भजनात साथीला बसवाल का? वर्षभर नुसते अलंकारच (सरावाचे स्वरक्रम) घोटून घेणार असतील तर दुसरीकडे चौकशी करा. देवळातल्या भजनात नुसता सूर धरून ठेवायला सांगितलं तरी जाऊन बसा.