छंद, नाद, हौस की षोक? – मामाच्या आवडीनिवडींवरून एक शब्दचर्चा

मूळ प्रश्न

आमच्या मामाचा अमृतमहोत्सव जवळ आलाय. त्यानिमित्त घरच्या घरी एक छोटी पुस्तिका काढतोय. त्यात एक पान मामाच्या आवडीनिवडींचं. मजकूर असा जमलाय: गाण्यात नाट्यसंगीत आणि कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. वाचनात बाबुराव अर्नाळकर, झुंजारपासून काळापहाडपर्यंत सगळे. सिनेमात देव आनंद, आणि तोही काळ्यापांढऱ्या काळातलाच. शिवाय दुपारची वामकुक्षी, चारचा आलं घातलेला चहा, आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं थेट पेनाने सोडवणं.

पानाला मी सरळ 'छंद' असा मथळा दिला. मामेबहीण म्हणाली, "बाबांना गाण्याचा छंद नाहीये, नाद आहे." मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "नाद कसला, व्यसन लिही." आता तुम्हीच सांगा, काय लिहू?

पुणेकर

बायोडेटात 'छंद : वाचन, संगीत, प्रवास' लिहून लिहून आपण या शब्दाचा पार चोथा केलाय. पण प्रश्न चांगला आहे. माझ्या मते नामापेक्षा क्रियापद बघा, लगेच उलगडा होतो.

आवड नुसती 'असते'. तिला काही करावं लागत नाही. छंद 'जडतो' आणि मग आपण तो 'जोपासतो', म्हणजे त्यात थोडी मशागत आली, वेळ काढणं आलं. नाद 'लागतो' आणि लवकर 'सुटत' नाही. हौस 'भागते', 'फिटते', नाहीतर कुणीतरी 'पुरवतं'. गोडी 'लागते' तशी 'लावता'ही येते, म्हणून मुलांना वाचनाची गोडी लावतात, वाचनाचा नाद लावत नाहीत. तलफ 'येते' आणि भागली की जाते, संध्याकाळी परत हजर. षोक मात्र माणूस स्वतः 'करतो'. या सगळ्यांत हाच एक असा, की ज्याची जबाबदारी दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही.

या हिशेबाने तुमच्या मामांचा चहा ही तलफ, शब्दकोडं हा छंद. गाण्याचं काय ते तुम्ही ठरवा. पेनाने कोडं सोडवणाऱ्याला मात्र माझा दंडवत.

कोल्हापूरकर

तुमच्या बहिणीशी सहमत. आमच्याकडं 'नाद' हा साधासुधा शब्द नाही. कुस्तीचा नाद, बैलांचा नाद, कबुतरांचा नाद. ज्याला नाद आहे त्याचं घरच्यांशी वाकडं असणार हे धरूनच चालायचं. 'नाद खुळा' म्हणजे तर वरचा क्लास. आणि 'नाद करायचा नाय' म्हटलं की त्यात धमकी पण आली आणि अभिमान पण.

पण जपून लिहा. 'कुणाच्या नादी लागणे' हे वाईटच. 'त्याला नाद आहे' एवढंच म्हणून गप्प बसलं तर ऐकणारा भलतंच समजतो. कशाचा नाद ते लगेच सांगायला पाहिजे. गाण्याच्या बाबतीत एक बरं आहे, नाद म्हणजे मुळात आवाजच, त्यामुळं 'गाण्याचा नाद' दोन्हीकडून शोभतो.

मूळ प्रश्नकर्ता

वा, क्रियापदांचं पटलं. मग 'हौस' कशी वाटते? मामा तरुणपणी हौसेने पेटी शिकत होता. पुढे सुटली.

जुनी वाचक

पेटीला हौस बरोबर, ऐकण्याला नाही. हौस एकदा फिटली की संपते. तुमच्या मामांची ऐकायची हौस अजून फिटलेली नाही म्हणजे ती हौस नव्हेच!

गंमत म्हणजे हा शब्द अरबी 'हवस'वरून आलाय. हिंदीत 'हवस' म्हटलं की वासना, चारचौघांत उच्चारणं अवघड. मराठीत येता येता तो असा काही सोज्वळ झाला की डोहाळजेवणाला, बारशाला, मंगळागौरीला सगळीकडे हौसच. 'हौशी रंगभूमी' म्हणजे पदरमोड करून नाटक करणारी मंडळी. आणि जत्रेतले 'हौशे, नवशे, गवशे' तर सगळ्यांना माहीत: एक मजा करायला आलेला, दुसरा नवस फेडायला, तिसरा काही हाती लागतंय का बघायला.

'षोक'चंही मूळ अरबीच, 'शौक'. तिकडे त्याचा अर्थ ओढ, आस. इकडे तो कपडे, अत्तर, घोडे, खाणंपिणं यांच्याशी जास्त जोडला गेला, त्यामुळे षोकी माणूस म्हटलं की खिसा हलका झालेला डोळ्यापुढे येतो. लिहिताना मी तरी 'षोक'च लिहिते. पोटफोड्या 'ष'मुळे 'शोक'शी गल्लत होत नाही. पुस्तिकेत 'मामांचे शोक' छापून आलं तर मामी काय म्हणेल?

एक अवांतर. 'छंदोरचना' लिहिणाऱ्या माधव ज्यूलियनांनीच 1925 साली फार्शी-मराठी कोशही केला. वृत्ताचे छंद आणि फारसीतून आलेले षोक, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर!

छंदशास्त्री नव्हे, नुसता छांदिष्ट

छंदाला एवढं खाली पाडू नका हो. संस्कृतात छंद म्हणजे वृत्त तसाच इच्छा, मर्जी असाही अर्थ आहे. 'स्वच्छंद' म्हणजे आपल्या मर्जीने वागणारा, तो छंद हाच. वारकऱ्याला 'विठ्ठलाचा छंद' लागतो तेव्हा तो काही तिकिटं जमवण्यातला छंद नसतो. बायोडेटाने शब्द पातळ केला, यात शब्दाचा दोष नाही. आणि 'छांदिष्ट' म्हणा ना एखाद्याला, बघा कसं चटकन लागतं ते. मी स्वानुभवाने सांगतो.

बडोदेकर

गाण्याबद्दल एक शब्द राहिला: दर्दी. दर्द म्हणजे वेदना, पण मराठीत 'दर्दी' म्हणजे ज्याला गाणं आतून कळतं तो. कानसेनापेक्षा एक पायरी वर. कानसेन या शब्दात थोडी चेष्टा आहे, दर्दीत नाही.

आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांची मात्र पंचाईत होते, कारण गुजरातीत 'दर्दी' म्हणजे पेशंट. दवाखान्याच्या पाटीवर 'दर्दी' वाचायची सवय झालेल्या मुलाला मी एकदा सांगितलं, "तुझे पणजोबा मोठे दर्दी होते, दरबारचे फैयाज खाँ त्यांनी समोर बसून ऐकले." त्याने विचारलं, "त्यांना काय झालं होतं?"

पुणेकर

😂 याला उत्तर नाही.

जुनी वाचक

'रसिक' कुणी सुचवलं नाही अजून, ते बरंच झालं. 'रसिक मायबाप' ऐकून ऐकून कान किटलेत. पण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ओवी आठवा: 'ऐसीं अक्षरें रसिकें मेळवीन'. आपण भाषणात ती झोकात म्हणतो, पण तिथे 'रसिकें' हे अक्षरांचं विशेषण आहे. ऐकणाऱ्याचा तिथे संबंध नाही. रसाने भरलेली, रसाळ अक्षरं. रस ज्यात आहे तोही रसिक, आणि रस ज्याला कळतो तोही रसिक. आपण पहिला अर्थ टाकून दिला आणि दुसरा व्यासपीठावर झिजवला.

टाइमपास

अर्नाळकर आणि देव आनंद यांना 'करमणूक' लिहा की राव. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली साप्ताहिकाला हेच नाव दिलं, तेव्हा त्यात काही कमीपणा नव्हता. पुढे सरकारने 'करमणूक कर' लावला आणि शब्दाला फायलीचा वास आला. खरं तर 'करमणे' किती जिवाभावाचं क्रियापद आहे. 'मला इथं करमत नाही' म्हणणाऱ्या नव्या सुनेच्या तोंडी जे आहे तेच हे. आणि 'विरंगुळा' लिहू नका. पालिकेच्या पाट्यांवरून तो थेट ज्येष्ठ नागरिकांना चिकटलाय. पंच्याहत्तरीच्या पुस्तिकेत मामा तो वाचेल आणि रुसेल.

वामकुक्षीला मात्र हात लावू नका. जेवून डाव्या कुशीवर लवंडणं, एवढंच. पण संस्कृतात सांगितलं की आळसाला आरोग्याचं सर्टिफिकेट मिळतं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांना धन्यवाद. मथळा 'आवडीनिवडी' ठेवतोय. आत गाण्याला नाद, पेटीला हौस, कोड्याला छंद, अर्नाळकर-देव आनंदला करमणूक, चहाला तलफ. 'दर्दी' मामाला वाचून दाखवला, तो लाजला. 'व्यसन' मामीच्या नावाने अवतरणात टाकतोय.

मालवणी

उशिरा आलंय, पण आमचो शब्द रवलो. आमच्याकडे 'पिसां'. तुमच्या 'वेडापिसा'तलाच 'पिसा', प्रमाण मराठीत आता एकटा फिरत नाही, जोडीनेच येतो. आमच्याकडे मात्र जिवंत आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की एका गावचा दशावतार बघून पहाटे घरी येणारा आणि त्याच रात्री दुसऱ्या गावात पुन्हा पुढच्या रांगेत बसणारा माणूस दिसला, की म्हणतात, "तेका नाटकाचा पिसां लागला." मामांचं कुमारांच्या भजनांबाबत असं काही असेल तर हा शब्द घ्या, पैसे पडत नाहीत.