नर्सिंगच्या वर्गात बौद्धिक अक्षमता कशी शिकवली गेली? अनुभव लिहा

निळाई
माळा आवरताना दुसऱ्या वर्षाची वही सापडली. ‘मतिमंदत्व’. खाली लाल पेनने आखलेला तक्ता: बुद्ध्यांक 50 ते 69 सौम्य, 35 ते 49 मध्यम, 20 ते 34 तीव्र, त्याखाली अतितीव्र. धडा तिथेच संपला. मॅडमनी जबडा सैल सोडून चालून दाखवलं आणि वर्ग हसला. मीही हसले. आज माझ्या भाच्याला डाऊन सिंड्रोम आहे. इंजेक्शनच्या वेळी त्याच्याकडे बघून सांगितलं की तो स्वतः बाही वर करतो. हे त्या वहीत कुठेच नाही. तुम्हाला कसं शिकवलं? शिकवणाऱ्यांनीही लिहा.

ओंजळ
आमच्याकडे उलट. "निरागस लेकरं असतात, जीव लावा." पोस्टिंगला चाळिशीचे एक गृहस्थ होते, आम्ही सगळ्या त्यांना ‘बाळा’ म्हणायचो. ते म्हणाले, "मी बाळ नाही. मी दाढी करतो." अजून कानात आहे.

टिकटिक
भाऊ तीन दिवस डोकं भिंतीवर आपटत होता. पहिले डॉक्टर म्हणाले, "ही मुलं असं करतातच." दाढेच्या मुळाशी गळू निघालं!! डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग हा शब्द मला नंतर कळला. सगळ्याचं खापर अक्षमतेवर. बाकी रात्री लिहिते, मुलीची बस आली

अर्धविराम
लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे डिस्लेक्सिया ना? माझ्या मुलाला अक्षरं उलटी दिसतात, कुणाला दाखवू?

निळाई
@अर्धविराम ब्रिटनमध्ये तो शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात, म्हणून घोळ होतो. डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, ते वेगळं. तुम्हाला मेसेज करते.

कंदील
@टिकटिक पोटात कालवलं वाचून. आता बरा आहे ना? वागणं अचानक बदललं की आधी दात, कान, बद्धकोष्ठ बघा, हे आम्हाला एका बाईंनी घोकून घेतलं होतं. त्यांचे उपकार.

सावली
मी शिकवते. कित्येक वर्षं तोच तक्ता फळ्यावर काढला, कारण परीक्षेत तोच यायचा. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) तीव्रता बुद्ध्यांकावरून नव्हे, रोजच्या जगण्यातल्या क्षमतेवरून ठरवा असं आलं, तेव्हा तो पुसला. आता डाऊन सिंड्रोम असलेल्या एक ताई मानधन घेऊन वर्गात शिकवायला येतात. एका मुलीने न बोलता बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला, तर त्यांनी हात काढून घेतला. "आधी सांग. घट्ट होणार, मग सैल होणार." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

ओंजळ
@सावली ताईंना माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा.

टिकटिक
@कंदील बरा आहे गं. दुसऱ्या डॉक्टरांनी छोटा आरसा त्याच्याच हातात दिला, "तूच दाखव कुठे" म्हणाले. त्याने लगेच आ केला.