शेती आणि मंडळी न सोडता पाळकाने पवित्र शास्त्राचे (बायबलाचे) पद्धतशीर शिक्षण कसे घ्यावे?

प्रश्न (मंडळीसेवक, नवापूर तालुका)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. नवापूर तालुक्यातील एका गावमंडळीची, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची, मी नऊ वर्षे सेवा करत आहे. मंडळीत चाळीसेक कुटुंबे आहेत, माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे आणि घर भाताच्या शेतीवर चालते. दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीसाठी गुजरातेत जाते. त्या महिन्यांत मी पंधरा दिवसांतून एकदा त्यांच्या पडावावर जाऊन उपासना घेतो.

गेल्या पावसाळ्यात एका बहिणीचे चार वर्षांचे मूल तापाने गेले. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी ती मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर आली. ज्या घरात पूर्ण विश्वास असतो त्या घरात आजार टिकत नाही, असे तिने एका उपदेशकाच्या व्हिडिओत ऐकले होते. “माझा विश्वास कमी पडला म्हणून लेकरू गेले का?” असे तिने मला विचारले. तसे नाही हे मला ठाऊक होते, पण का नाही ते शास्त्रातून उलगडून सांगता येईना. निर्दोष असूनही दुःख भोगलेल्या ईयोबाचे मी नाव घेतले, एक वचन वाचले, प्रार्थना केली आणि गप्प राहिलो.

शिकले पाहिजे हे त्या दिवसापासून पक्के झाले आहे. पण पाळक घडवणाऱ्या मोठ्या सेमिनरींत शिकवणे इंग्रजीत चालते आणि तीन-तीन वर्षे वसतिगृहात राहावे लागते. तेवढ्या काळात माझी शेती पडीक पडेल आणि मंडळी पांगेल. माझ्यासारख्याने कोणता मार्ग धरावा?

उत्तर १ (विस्तार अभ्यासगटाचा मार्गदर्शक, पुणे)

पाळकसाहेब, सलाम. तुमची अडचण जुनी आहे आणि तिच्यावर विचारपूर्वक काढलेला उपायही उपलब्ध आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) सेमिनरीला १९६०च्या सुमारास हेच जाणवले की, गावोगावच्या मंडळ्या प्रत्यक्षात जे वडीलजन सांभाळतात ते घरदार सोडून राजधानीत येऊ शकत नाहीत, आणि जे तरुण येतात त्यांतील बरेच जण पुन्हा गावाकडे फिरकत नाहीत. तेव्हा १९६३ मध्ये शिक्षकच विद्यार्थ्यांच्या गावी जाऊ लागले. या पद्धतीला विस्ताराद्वारे ईश्वरविज्ञान (देवाविषयीच्या शिकवणीचा अभ्यास) शिक्षण, थोडक्यात टी.ई.ई., म्हणतात. भारतात १९७१ पासून बंगळूरची टाफ्टी ही संस्था हे काम करत आहे आणि प्रादेशिक भाषांतूनही तिचे अभ्यासक्रम आहेत. चौकशीची सुरुवात तिथून करावी.

या पद्धतीचे वर्णन करताना आम्ही रेल्वेच्या रुळांचा दाखला देतो. एक रूळ घरच्या अभ्यासाचा आणि दुसरा मंडळीतल्या रोजच्या सेवेचा. या दोहोंना जोडून ठेवणारे स्लीपर म्हणजे आठवड्याची गटसभा. विद्यार्थी रोज अर्धा तास वहीवजा पुस्तकातील एक धडा वाचतो, त्यातील लहान लहान प्रश्नांची उत्तरे तिथेच लिहितो आणि आठवड्यातून एकदा गटात बसतो. मार्गदर्शक व्याख्यान देत नाही. जे वाचले ते आपापल्या गावात कुठे लागू पडते, एवढेच तो विचारत राहतो.

आमच्या एका गटात मत्तयाचा पाचवा अध्याय चालू होता. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करावा, हा भाग आला तेव्हा एक वयस्क वडील पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. सख्ख्या भावाशी त्यांचा बांधावरून अकरा वर्षे अबोला होता. पुढच्या रविवारी ते उपासनेला उशिरा आले, कारण वाटेत भावाच्या घरी थांबले होते, आणि भाऊही त्यांच्या मागोमाग येऊन शेवटच्या चटईवर बसला. त्या आठवड्याच्या धड्यात मला वेगळे काही शिकवावे लागले नाही.

माझी एकच विनंती आहे: एकट्याने अभ्यास सुरू करू नका. पुस्तक घरी आणून एकटेच बसलेले बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या धड्यानंतर थांबतात. पाच-सहा जण जमवा.

उत्तर २ (निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर)

भाऊ, वरील सल्ला योग्य आहे. मी त्यात भाषेविषयी आणि बहिणींविषयी थोडी भर घालते.

आपण धर्मशास्त्रातले शब्द रोज उच्चारतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचा अर्थ काय होतो हे फार क्वचित तपासतो. रोमकरांच्या पत्रात ‘नीतिमान ठरणे’ असा शब्दप्रयोग येतो. मी एकदा महिला मंडळात त्याचा अर्थ विचारला, तेव्हा एक बहीण म्हणाली, “आमच्या ह्यांनी दारू सोडली, तेव्हा ते नीतिमान ठरले.” बिचारीचे काय चुकले? मराठीत नीतिमान म्हणजे चांगल्या चालीचा माणूस. पण पौल तर सांगतो की, देव अपराध्याला ख्रिस्तामुळे निर्दोष ठरवतो आणि चांगली चाल त्यानंतर येते. हा उलटा झालेला क्रम सरळ करणे हेच ईश्वरविज्ञान, आणि ते इंग्रजीत शिकून आलेल्या माणसाला मराठीत पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. तुमच्याकडे घरची बोली मावची असेल, तर धडा मराठीत वाचा, पण चर्चा मावचीतच होऊ द्या.

पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला हेच ओळखले होते. साध्यासुध्या बायकांना कळेल असे शास्त्र हवे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी एकटीने संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते छापून पूर्ण झाले.

गट करताना बहिणींना बाहेर ठेवू नका. अपुल्लो या उपदेशकाला इफिसात घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, हे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले आहे. सभेची वेळ मात्र बहिणींना विचारूनच ठरवा. संध्याकाळी सातला चूल पेटलेली असते.

उत्तर ३ (सेमिनरीतील अध्यापक)

या पद्धतीचे महत्त्व मला मान्य आहे, तरीही दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली प्रमाणपत्राची. तुमच्या मंडळीसंघात पाळकदीक्षेसाठी मान्यताप्राप्त पदवीची अट असेल, तर कोणता अभ्यासक्रम चालतो हे संघाकडून आधी लेखी घ्यावे. आपल्याकडे मुख्यतः दोन मान्यता विचारल्या जातात: एक बंगालमधील सेरामपूरच्या सिनेटची (ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाची), जिच्या महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली, आणि दुसरी १९७० मध्ये स्थापन झालेल्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, जिच्याकडे बऱ्याच इव्हँजेलिकल (बायबलाचा अधिकार आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या) संस्था आहेत. सिनेटचे ख्रिस्ती अभ्यासाचे बहिःस्थ अभ्यासक्रमही आहेत. पैसे भरून एका शिबिरात डॉक्टरेट देणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. गावोगावच्या प्रामाणिक सेवकांची त्यात फसवणूक होते.

दुसरी गोष्ट अशी की, निवासी शिक्षणाला पर्याय सापडला असे कोणी समजू नये. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून यवतमाळला होती आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. अशा ठिकाणी मूळ भाषा शिकलेली माणसे तयार झाली नाहीत, तर गावच्या गटांसाठी मराठी पुस्तके लिहिणार कोण? गेली कित्येक वर्षे आम्ही इंग्रजीत शिकवत आलो आणि मराठीत फार थोडे लिहिले. ही उणीव आमची आहे, तुमची नाही.

त्या बहिणीच्या प्रश्नासाठी अभ्यासक्रमाची वाट पाहू नका. योहानाच्या नवव्या अध्यायात, जन्मांधाच्या बाबतीत पाप कोणाचे, असे शिष्य विचारतात आणि येशू तो हिशेबच नाकारतो. पौलाने आपल्या ‘देहातील काट्यासाठी’, म्हणजे सतत छळणाऱ्या व्यथेसाठी, तीनदा विनवणी केली, तरी काटा राहिलाच. ते २ करिंथ १२ मध्ये आहे. आणि २ तीमथ्य ४:२० वाचून दाखवा: पौलासारख्या प्रेषिताला आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारीच सोडून पुढे जावे लागले. पौलाचा विश्वास कमी होता, असे त्या व्हिडिओतील उपदेशकही म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. त्रफिमाचे वचन काल त्या बहिणीला वाचून दाखवले. तिने ते तीनदा वाचायला लावले आणि मग पानाचा कोपरा स्वतः दुमडून ठेवला. गटासाठी सहा जण तयार आहेत, त्यांत तीन बहिणी. सभा दुपारी दोनला ठेवायचे ठरले. अडचण एकच आहे: यांतील दोघे दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे जातील आणि थेट उन्हाळ्यात परततील. त्यांचे काय करावे?

उत्तर १ (पुन्हा)

त्यांची पुस्तके त्यांच्यासोबत जाऊ द्या. तुम्ही पंधरा दिवसांनी पडावावर जाताच; उपासनेच्या आधी एक तास त्या दोघांना घेऊन बसा आणि दोन आठवड्यांचे धडे एकत्र पाहा. पडावावर इतर गावांचे विश्वासणारेही असतील. त्यांतील कोणी ऐकायला येऊन बसले, तर त्यांच्यासाठी दोन पुस्तके जास्तीची न्या.