मॅग्नेटारचा स्फोट: रेडिओवाल्यांनी खरंच फक्त राख चाळली?

खगोलवेडी: काल रोखठोक यांनी लिहिलं, 'एसजीआर 1806-20 चा 2004 चा स्फोट उपग्रहांनी टिपला, रेडिओ दुर्बिणी मागाहून राख चाळत बसल्या.' एसजीआर 1806-20 हा मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय ताकदीचा, मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. अहो, गॅमा किरणांचा मुख्य झोत अवघा 0.2 सेकंदांचा, आणि इतका प्रखर की बहुतेक उपग्रहांचे डिटेक्टर आंधळे झाले! आठवड्याभराने अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीला तिथे रेडिओ उजेड दिसला आणि तो पुढे कित्येक दिवस मोजता आला. ताऱ्यातून पदार्थ बाहेर फेकला गेलाय, प्रकाशाच्या साधारण पाव वेगाने पसरतोय, हे त्यावरून कळलं. नवव्या दिवसाच्या सुमारास उजेड झपाट्याने उतरला, पंचविसाव्याच्या आसपास पुन्हा थोडा चढला, कारण वाटेतला वायू रेटला जात होता. गॅमा किरणांच्या आलेखात यातलं काय दिसतं, सांगा. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 240 आणि 610 मेगाहर्ट्झवर घेतलेली मापं 'नेचर'च्या 2005 मधल्या शोधनिबंधात आहेत.

रोखठोक: मापं घेतली, कबूल. पण ताऱ्याच्या अंतराचं काय? त्याच निबंधात 21 ते 32 हजार प्रकाशवर्षं म्हटलं आणि दुसऱ्या गटाने वरची मर्यादा लगेच खोडली. अंतरच पक्कं नाही, तर ऊर्जेचे आकडे कशाच्या जोरावर?

खगोलवेडी: वरची खोडली, खालची टिकली ना? वाटेतल्या हायड्रोजनने रेडिओ लहरी शोषल्या, त्यातून निघालेली. अंतर निम्मं झालं तर ऊर्जा पाव होते, म्हणून तर भांडण एवढं पेटलं.

अण्णा: अंतर राहू द्या. 26 डिसेंबरला त्सुनामी, 27 ला स्फोट. हा योगायोग? स्फोटाच्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातले हेलकावे, आधी पोचल्या असणार आणि त्यांनीच भूकंप घडवला असणार. शास्त्रज्ञ यावर बोलत नाहीत.

माजी_चेन्नईकर: अण्णा, हे दरवर्षी डिसेंबरात वाचतो आणि डोकं फिरतं. तेव्हा मी चेन्नईत नोकरीला होतो. त्या रविवारी सकाळी रूममेट मरीनावर फिरायला गेला. परत आला तेव्हा एका पायात चप्पल नाही, खिसे ओल्या वाळूने भरलेले. दिवसभर एक शब्द बोलला नाही. आपल्या घड्याळाने भूकंप 26 ला सकाळी साडेसहाला, गॅमा किरण 28 च्या पहाटे तीनला (जागतिक वेळेने ती 27 ची रात्र). मधे 44 तास! गुरुत्वलहरी प्रकाशाच्याच वेगाने येतात, त्या दोन दिवस आधी कशा पोचतील?

अण्णा: माझ्यावर ओरडून काय होणार? पृथ्वीवर परिणाम झालाच नाही, असं लिहून द्या.

माजी_चेन्नईकर: झाला की! आयनावरण, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हललं, कमी वारंवारतेच्या रेडिओ संदेशांत त्याची नोंद आहे. पण तेही 28 च्या पहाटे. तोवर किनाऱ्यावरची माणसं गेलेली होती.

अण्णा: वेळांचं मी पाहिलं नव्हतं. तारखा मात्र लागोपाठच्या आहेत.

खगोलवेडी: धागा कुठच्या कुठे गेला. रोखठोक, माझ्या प्रश्नाला उत्तर?

रोखठोक: 'राख चाळली' हे मागे घेतो. पदार्थ बाहेर पडल्याचं रेडिओनेच दाखवलं. अंतराबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.