मदत हवी आहे: ऑफिसच्या फायरवॉलवर 'एचटीटीपीएस इन्स्पेक्शन' चालू केलं आणि सोमवार वाया गेला

स्लो लोकल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि माझा स्क्रूड्रायव्हर. ४६ मशीन, सगळी विंडोज, सगळी डोमेनवर, म्हणजे एका जागेवरून सांभाळता येणारी. शिवाय लोकांचे स्वतःचे फोन त्याच वायफायवर, कारण आजवर कोणी काही बोललं नव्हतं.

दीड महिन्यापूर्वी परदेशातल्या एका फ्रेट एजंटच्या नावाने मेल आला: आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा. अकाउंट्समधल्या ताईंना मेल आयडीचं स्पेलिंग खटकलं म्हणून पैसे वाचले. पण शेठनी धसका घेतला. फायरवॉल (ऑफिस आणि इंटरनेटच्या मध्ये बसलेला पहारेकरी डबा) विकणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, हल्ली सगळा ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असतो, तुमची फायरवॉल आंधळी आहे. लायसन्समध्ये इन्स्पेक्शन, म्हणजे तो कुलूपबंद ट्रॅफिक मध्येच उघडून तपासणं, आहेच, फक्त टिक करायचंय." शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "मग कर की टिक."

शुक्रवारी संध्याकाळी केलं. फायरवॉलने स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर मशीन बाकीची सर्टिफिकेटं खरी मानतं ते) बनवलं, ते मी ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एकदम हुकूम द्यायची विंडोजची सोय) सगळ्या मशीनवर ढकललं, दोनचार साइट क्रोममध्ये उघडून बघितल्या आणि डोंबिवली स्लो पकडून घरी गेलो.

सोमवारी सव्वादहापर्यंत माझ्या टेबलाभोवती रांग. बँकेचं कॉर्पोरेट लॉगिन टोकन (ओळख पटवणारं छोटं यंत्र) लावूनही पुढे सरकेना. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, लावून सही करायची युटिलिटी नुसतीच गोल फिरत होती. रोज सकाळी एक्स्चेंज रेट खेचणारी माझी पायथॉनची स्क्रिप्ट 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' म्हणून झोपली. ज्यांचे फोन वायफायवर, त्यांचं व्हॉट्सॅप 'कनेक्टिंग'वर अडकलं, म्हणजे गोदीतली पोरं कंटेनरच्या सीलचे फोटो टाकतायत आणि इथे कोणालाच दिसत नाहीत. फाइलिंग खोळंबलं. दुपारी दोनला मी सगळं बंद केलं.

इथवर ठीक आहे, चूक माझी, निस्तरेन. खरी बोच वेगळी आहे. बंद करायच्या आधी काय अडतंय ते शोधायला लॉग (कोणत्या मशीनने काय उघडलं त्याची नोंद) उघडला होता. त्यात एका ओळीत पॅथॉलॉजी लॅबच्या साइटचा अख्खा पत्ता, तिरक्या रेषांसकट. त्यातच पेशंटचं नाव आणि टेस्टचं नाव. मशीन कोणाचं ते आयपीवरून लगेच कळलं. त्याच ताईंचं. नाव त्यांच्या मुलीचं. मी खिडकी बंद केली, पण वाचून झालं होतं. पाच मिनिटांनी त्या चहा घेऊन आल्या. "हे नवीन बसवलंय त्यात आमचं सगळं दिसतं का रे तुला?" मी म्हटलं, "छे हो."

शेठना आठवड्याभरात ते परत चालू हवंय. जाणकारांनी सांगावं:
सोमवारचा तमाशा टाळून हे चालू करता येतं का? आणि सुरक्षेपुरतं बघायचं, बाकीचं बघायचंच नाही, असं काही जमतं का?

कोरा चहा

टिक करायला लावणारा विक्रेता सोमवारी सव्वादहाला कुठे होता?

स्लो लोकल

फोन उचलत नव्हता.

तिसरी पाळी

तुम्ही क्लिअरिंगवाले, म्हणून गोदीच्या भाषेत सांगतो. एरवी कंटेनर पाठवणाऱ्याच्या बॉटल सीलसकट थेट घेणाऱ्याच्या दारात जातो. तुमची फायरवॉल मध्ये उभी राहून प्रत्येक सील कापते, माल उपसून बघते आणि स्वतःचं सील ठोकून पुढे सोडते. रूट सर्टिफिकेट मशीनवर टाकणं म्हणजे 'हिचं सील दिसलं की अस्सल समजा' असं त्या मशीनला बजावणं. ज्यांनी ते मानलं त्यांचं चाललं. ज्यांच्यापर्यंत तो हुकूम पोचला नाही, त्यांनी माल परत पाठवला.

पायथॉनच्या बहुतेक लायब्ररी स्वतःची सर्टिफिकेटांची यादी खिशात घेऊन फिरतात, विंडोजच्या स्टोअरमध्ये तुम्ही काय टाकलंत याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. जावाचंही तसंच, त्याचं की-स्टोअर वेगळं. त्यांना तुमचं रूट वेगळं दाखवावं लागतं. आणि हात जोडून विनंती, 'व्हेरिफाय फॉल्स' (सर्टिफिकेट तपासूच नको, असं सांगणारी ओळ) लिहून मोकळे होऊ नका. नव्वद टक्के लोक तेच करतात आणि मग ती ओळ पुढची दहा वर्षं तिथेच राहते.

टोकनवाल्या लॉगिनमध्ये पलीकडचा सर्व्हर तुमच्या मशीनकडेही ओळखपत्र मागत असणार. त्याची खासगी किल्ली टोकनच्या आत असते, ती बाहेर येतच नाही. मध्ये उभ्या असलेल्या फायरवॉलला तुमच्या वतीने सही करणं शक्य नाही. त्याला इलाज एकच, त्या साइट तपासणीतून वगळायच्या.

फोनच्या मागे लागूच नका. अँड्रॉइड ७पासून, म्हणजे २०१६पासून, वापरणाऱ्याने हाताने टाकलेलं रूट ॲप्स आपणहून मानत नाहीत. आयफोनवर प्रोफाइल टाकूनही सेटिंगमध्ये जाऊन वेगळा विश्वास द्यावा लागतो. त्यातून बँकेची आणि पेमेंटची बरीच ॲप्स पिनिंग करतात, म्हणजे आपल्या सर्व्हरचं ठरावीक सर्टिफिकेट किंवा किल्लीच ओळखतात, बाकी कोणाला दारात उभं करत नाहीत. तुटतंय ते बरोबरच तुटतंय, त्यासाठीच बनवलंय. फोनांना वेगळं गेस्ट वायफाय द्या, ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडलेलं, तपासणीशिवाय.

अजून एक. क्रोम पुष्कळ ठिकाणी नेहमीच्या टीसीपीऐवजी क्विक नावाच्या नव्या पद्धतीने जातो, यूडीपी ४४३ या वाटेने. बऱ्याच फायरवॉलना ते उघडता येत नाही, त्यामुळे तेवढा ट्रॅफिक न तपासता निघून जातो आणि आपण मात्र समजतो की सगळं दिसतंय. मशीनांसाठी यूडीपी ४४३ अडवा, ब्राउझर गुपचूप टीसीपीवर येतो.

आणि परत चालू करण्याआधी एक चाचणी कराच. बॅडएसएसएल नावाची साइट आहे, तिथे मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं ठेवलीयत: मुदत संपलेलं, चुकीच्या नावाचं, स्वतःच सही केलेलं. इन्स्पेक्शन चालू ठेवून ती पानं उघडा आणि काय दिसतं ते इथे सांगा.

शंकासुर

मला एक कळलं नाही. शेठ घाबरले त्या खातं बदलल्याच्या मेलला. त्यात व्हायरस होता का? लिंक होती का?

स्लो लोकल

नाही. साधा मजकूर आणि खाते क्रमांक.

शंकासुर

मग हे इन्स्पेक्शन तेव्हा चालू असतं तरी तो मेल पकडला गेला नसता. उघडून बघितला तरी आत वाईट असं काय सापडणार, चार ओळी इंग्रजी? त्यावर उपाय म्हणजे खातं बदललं की जुन्या, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं (मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे) आणि पेमेंटवर दोन माणसांच्या सह्या. फुकटात होतं. ताईंनी जे केलं ते कुठल्याही फायरवॉलपेक्षा भारी होतं, शेठना सांगा त्यांचा पगार वाढवायला.

इन्स्पेक्शन कशाला उपयोगी, तर फाइल-शेअरिंगच्या लिंकवरून कोणी झिप उतरवतं आणि आत भलतंच असतं त्याला. किंवा कोणी क्लायंटच्या इन्व्हॉइस स्वतःच्या ड्राइव्हवर चढवतंय का ते बघायला. हल्ली फिशिंगची पानंसुद्धा सर्टिफिकेट घेऊनच येतात, त्यामुळे विक्रेत्याचं 'आंधळी' म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्याने विकलं भलत्याच दुखण्यावरचं औषध.

घाटावरची

मी यातली नाही, बँकेत आहे. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर हे चालू आहे का ते कसं बघायचं?

तिसरी पाळी

कुठलीही साइट उघडा, पत्त्याच्या डाव्या चिन्हावर टिचकी मारून सर्टिफिकेट बघा. 'इश्यूड बाय'मध्ये नेहमीच्या संस्थेऐवजी तुमच्या बँकेचं किंवा एखाद्या सुरक्षा कंपनीचं नाव दिसलं तर चालू आहे. एकच साइट बघून ठरवू नका, काही वगळलेल्या असतात.

घाटावरची

बघितलं. चालू आहे. आता मी इथे ऑफिसातून लिहितेय याचा विचार करतेय.

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्याच्या कलम ७मध्ये नोकरीच्या संदर्भात, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ गोपनीय माहिती बाहेर जाऊ नये म्हणून, संमतीशिवाय डेटा हाताळायला जागा ठेवलीय. शेठ बेकायदा काही मागत नाहीयेत. पण मुलीचा रिपोर्ट वाचणं त्या कारणात कसं बसवणार? लेखी धोरण करा, काय बघतो, काय बघत नाही, लॉग कोण उघडू शकतो. लोकांना आधी सांगा, नंतर नव्हे.

आणि घाईघाईने लॉग पुसू नका. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि सायबर घटना घडली तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. लॉग ठेवा म्हणजे पत्त्यातला मजकूर ठेवा, असा मात्र त्याचा अर्थ मी काढणार नाही.

स्लो लोकल

आज लवकर येऊन, ऑफिस भरायच्या आधी, फक्त माझ्या मशीनपुरतं चालू केलं आणि ती चाचणी केली. मुदत संपलेल्या सर्टिफिकेटचं पान उघडलं. क्रोमने हूं की चूं केलं नाही. 'कनेक्शन सुरक्षित आहे' म्हणाला. स्वतः सही केलेलंही तसंच. इन्स्पेक्शन बंद करून परत उघडलं तर लालभडक पान. तीन वेळा चालू-बंद करून बघितलं, पटेना.

तिसरी पाळी

हीच भीती होती. कापलेल्या सीलखाली काय होतं ते तुमची फायरवॉल बघतच नाही, आणि वर स्वतःचं कोरं करकरीत सील ठोकते. ब्राउझरला फक्त तिचं सील दिसतं, तो बिचारा कशाला ओरडेल? म्हणजे शुक्रवार ते सोमवार तुमची ४६ मशीन आधीपेक्षा जास्त उघडी होती. सेटिंगमध्ये 'अवैध सर्टिफिकेट असल्यास' अशा अर्थाचं काहीतरी असेल, ते 'अलाऊ'वर असणार, 'ब्लॉक'वर न्या.

आणि रूटची खासगी किल्ली त्या डब्यात आहे, हे रोज सकाळी आठवत जा. फेब्रुवारी २०१५मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीच भरून दिलेल्या सुपरफिश या जाहिरातीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघड झालं, तेव्हा सगळ्या लॅपटॉपवर एकच रूट आणि एकच किल्ली निघाली होती. एकाची फोडली की सगळ्यांची फुटली. तुमच्या फायरवॉलने किल्ली स्वतः नवी बनवलीय की कंपनीतूनच भरून आलीय, ते तपासा. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९मध्ये याच विषयावर सूचनापत्र काढलं होतं. त्यातला एक धोका आतल्या माणसाचा होता, ज्याला सगळं बघायचा अधिकार आहे असा. म्हणजे तुम्ही.

स्लो लोकल

लागलं ते, पण बरोबर आहे.

किल्ली इथेच बनलेली आहे. 'अलाऊ' सापडलं, चौथ्या टॅबमध्ये तळाशी. आता लाल पान येतं.

शेठशी काल बोललो. आधी तांत्रिक सांगायला गेलो तर ते घड्याळ बघायला लागले. मग म्हटलं, "शेठ, कस्टम्सने उद्यापासून प्रत्येक कंटेनर उघडायचं ठरवलं तर?" ते खुर्चीत सरळ झाले. २००५च्या आधीचे दिवस त्यांनी बघितलेत, आरएमएस (कस्टम्सची रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम) येण्यापूर्वीचे, माल पडून डेमरेज (पडून राहिल्याचं भाडं) चढायचं ते. आता बहुतेक कन्साइनमेंट न उघडता जातात, ज्यांच्यावर संशय त्याच उघडतात. "मग आपणही आरएमएस लाव," म्हणाले. एवढं सरळ ते मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळले असतील.

ठरलं ते असं. बँका, दवाखाने-लॅब, सरकारी पोर्टल, विमा हे वर्ग तपासणीतून पूर्ण बाहेर, सील कापायचंच नाही. फाइल-शेअरिंग, अनोळखी आणि नव्याने नोंदलेली डोमेन्स उघडायची. लॉगमध्ये फक्त साइटचं नाव, पुढचा पत्ता नाही. पूर्ण लॉग उघडायचा तर दोन पासवर्ड, एक माझ्याकडे, एक शेठकडे. फोन गेस्ट वायफायवर. आधी पाच मशीन, मग आठवड्याने दहा. खातं बदललं तर जुन्या नंबरवर फोन, हे शेठनी स्वतः पाटीवर लिहिलं.

नोटीस मराठीत आणि इंग्रजीत काढून पँट्रीच्या दारावर लावली. ताईंनी ती चष्मा लावून सगळी वाचली, दोनदा. मग माझ्या टेबलापाशी आल्या. "म्हणजे त्या सोमवारी दिसत होतं." मी हो म्हटलं. काय दिसलं तेही सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल आलाय, तेवढं वाचलं होतंस का?"

तेवढं वाचलं नव्हतं.

शंकासुर

पायथॉनचं काय केलंत? व्हेरिफाय फॉल्स?

स्लो लोकल

नाही! रूटची फाइल दाखवली, एक्स्चेंज रेट आले. पण डीएससीची युटिलिटी एका मशीनवर अजून गोल फिरतेय. पोर्टल वगळलेलं आहे, तरी. युटिलिटी बहुतेक सर्टिफिकेट तपासायला अजून कुठल्या तरी दुसऱ्याच पत्त्यावर जाते. कोणाला माहीत आहे का?

तिसरी पाळी

त्या मशीनचा लॉग बघा, युटिलिटी चालू केल्याच्या मिनिटाला कोणकोणती नावं येतात. नावंच बघा हं.